‘हाड’ म्हटल्यावर येणारी कुत्री

पोपटराव जगदाळे तसा कशाला भिणारा गडी नव्हे. कतारच्या वाळवंटात रस्ता म्हणजे आधी गेलेल्या गाडीच्या चाकांची खूण. त्या खुणेवरून तो वाळूच्या वादळात पाण्याचा टँकर घालायचा. भर उन्हात टायर फुटला तर एकटाच बदलायचा. मालकाला, म्हणजे तिकडच्या भाषेत अरबाबला, तोंडावर ‘नाही’ म्हणायचा. पण कुत्रं दिसलं की संपलं. महिन्याचं पिल्लू का असेना, या दांडग्या गड्याची बोबडी वळायची. दोह्यात अल मन्सूराच्या खोलीवरची गाववाली पोरं त्याची टर उडवायची. कुणी दाराआडून ‘भू’ केलं की पोपटराव चपला घेऊन खाटेवर! हसा लेको, हसा. त्यामागं काय होतं ते त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, आणि पोपटरावानं कधी सांगितलंही नाही.

तो लहान असताना, माण तालुक्यातल्या त्याच्या वाडीत, थोरल्या बहिणीला ओढ्यावर पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. तानूबाई तिचं नाव. आईनं हळद-चुना दाबला, कुणी अंगारा दिला, आणि तालुक्याला न्यायचं ते आज-उद्या करत राहून गेलं. जखम भरली. सगळे विसरले. मग एक दिवस तानू म्हणाली, “आई, घशात कसंतरी होतंय.” पुढं तिला गोठ्यात कोंडावं लागलं. आतून ती हाका मारायची, “पोपट, पाणी दे रं.” म्हणून हा तांब्या भरून घेऊन गेला. पाणी बघितल्याबरोबर ती अशी किंचाळली, की याच्या हातातून तांब्या सुटला आणि दगडावर आपटला. दुसऱ्या दिवशी तानू गेली. ‘पोटात चौदा सुया टोचल्या असत्या तर पोरगी हाती लागली असती,’ असं म्हातारी माणसं बोलत राहिली. पोपटरावाच्या डोक्यात दोन गोष्टी घट्ट बसल्या. पिसाळलेलं जनावर पाण्याला भितं, आणि औषध म्हणजे पोटातल्या चौदा सुया.

एवढं ध्यानात ठेवा, आणि आता अरबाबकडं चला.

त्याचा अरबाब महमूद हा मनानं दिलदार माणूस, पण एकदा डोक्यात खूळ शिरलं की ते काढायची सोय नव्हती. झुबाराच्या वाटेवर त्याची खजुराची बाग होती, विहीर होती, आणि मागच्या अंगाला एक सखल रान होतं. हिवाळ्याच्या तोंडावर पाऊस झाला, ढग गडगडले, की त्या रानात फगा धरायचा. फगा म्हणजे आपली अळंबीच म्हणा की. फक्त छत्री नाही आणि देठही नाही, मातीत दडलेला बटाट्याएवढा गोळा. वर जमीन जराशी फुगते आणि तडकते, तेवढीच खूण. फुगते म्हणून फगा, हे अरब लोक मराठीतनंच शब्द उचलतात, अशी पोपटरावाची पक्की समजूत होती. तिथले लोक या फग्यासाठी जीव टाकतात. उकडून, तुपात परतून, भातावर घालून खातात.

महमूद एकदा उन्हाळ्यात इटलीला गेला. तिथं त्यानं म्हणे अळंबीचं शेत पाहिलं. शिकवलेली कुत्री वासावरून जमिनीखालचा माल हुडकतात, आणि पाहुणे मागं मागं हिंडतात. झालं! परत आल्याबरोबर त्यानं आपल्या रानाला तारेचं कुंपण घातलं, त्याला फग्याचं शेत म्हणायला लागला, आणि विमानानं एक कुत्री मागवली.

ती ब्याऐंशी सालच्या जानेवारीत आली. विमानतळावरून खोकं आणायला कोण जाणार? ड्रायव्हर. खोक्यात काय आहे हे अरबाबनं सांगितलं नव्हतं. फळ्यांच्या फटीतून पांढरे-तपकिरी कुरळे केस दिसले. पोपटराव मेंढरांच्या मुलखातला माणूस. “विलायती मेंढरू दिसतंय की,” असं म्हणत त्यानं कौतुकानं फटीत बोट घातलं. मेंढरू भुंकलं.

हमालांनी त्याला उचलून उभं केलं असं सांगतात. शेतापर्यंत गाडी त्यानं काचा वर करून, मान न वळवता आणली. खोकं मागच्या उघड्या हौद्यात होतं, तरी.

“आजपासून ही तुझ्याकडं,” अरबाब म्हणाला.

“मेरे को नहीं जमेगा, अरबाब. कमाल को दो.”

कमाल हा शेताचा बलुची राखणदार. त्यानं लगेच कानाला हात लावले. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली की नमाजाआधी सगळं धुवायला लागतं. दिवसातून पाच वेळा तो काय धूतच बसणार? “तू कुठं नमाज पढतोस? तुला काय धाड भरलीय?” असं त्याचं म्हणणं. आणि अरबाब म्हणाला, “नको असेल तर गावी जा. यल्ला, चल नीघ.” घरी विठाबाई होती, तीन पोरं होती, म्हातारी आई होती. पोपटरावानं मान खाली घातली.

कुत्रीच्या मागोमाग चार दिवसांसाठी एक इटालियन बाबा आला. त्यानं हातवारे करून शिकवलं. कुत्री वास घेत हिंडणार. जागा सापडली की पंजानं उकरणार. उकरलं की तिला मागं घ्यायचं, पावाचा तुकडा द्यायचा, आणि फगा आपण हातानं काढायचा. एवढंच. कुत्रीचं नाव सांगितलं बियांका. पोपटरावानं ते दोन-तीनदा म्हणून बघितलं आणि सोडून दिलं. रानात उभं राहून ‘बायका! बायका!’ असं ओरडायचं? कुणा मराठी माणसानं ऐकलं तर काय म्हणेल!

म्हणून त्यानं नावच घेतलं नाही. दोर मात्र लांबच्या लांब बांधला. खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, पिशवीत भरून घ्यायचा, आणि कुत्री दोन पावलं जवळ आली की लांबूनच तुकडा भिरकावून ओरडायचा, “हाड! हाड!” कुत्री तुकडा झेलायची. फगा सापडला की तिला मागं हटवायला “हाड!” आणि तुकडा. सकाळी कोंडीत, म्हणजे तिच्या तारेच्या खुराड्यात, जेवण टाकताना “हाड!” आणि तुकडा.

आता कुत्रीच्या बाजूनं विचार करा. ती बिचारी इटलीची. हाड म्हणजे काय, तिला कुणी सांगितलंय? माणूस हाड म्हणतो आणि रोटी पडते. म्हणजे हाड म्हणजे ये! पंधरा दिवसांत असं झालं, की पोपटराव जितका घाबरून ओरडायचा, तितकी ती शेपूट हलवत जवळ यायची. जवळ आली की हा आणखी मोठ्यानं ओरडायचा. कमाल पोट धरधरून हसायचा. पोपटरावाला मात्र वाटायचं, हे जनावर भलतंच निर्ढावलेलं आहे, हाड म्हटलं तरी अंगावर येतं!

पण कामाला कुत्री एक नंबर. नाक जमिनीला लावून तुरुतुरु चालायची, मधेच थबकायची, कान टवकारायची, आणि दोन पंजांनी अशी माती उडवायची, की अरबाब टाळ्या पिटायचा. अरबाबला ‘हाड’ हा शब्द फार आवडला. त्याला वाटलं, हिंदी लोकांचा हा कुत्र्यांना शिकवायचा खास मंत्र असणार. तोही पाहुण्यांपुढं छाती काढून ‘हाड! हाड!’ करायला लागला. पोपटरावानं खरं काय ते सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

मग तो कोल्हा आला.

एका सकाळी कोंडीतून ओरडाआरडा ऐकू आला. कुंपणाखालून एक वाळवंटी कोल्हा आत शिरला होता आणि कुत्रीशी झटत होता. कमाल काठी घेऊन धावला, मोठ्यानं ओरडला. कोल्हा पळाला नाही. माणसाकडं बघून तसाच वाकडा वाकडा चालत पुढं आला. कमालनं एका दणक्यात त्याला आडवा केला आणि लांब नेऊन पुरला. कुत्रीच्या कानाला ओरखडा आला होता, तो आठवड्यात भरला. अरबाब म्हणाला, खलास, काही नाही. पण पोपटरावाला ते पटलं नाही. जंगली जनावर माणसाला भीत नाही, असं कधी होतं, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्यानं दोर आणखी लांब केला.

महिना-सव्वा महिना गेला. एका शुक्रवारी अरबाब पाहुणे घेऊन आला. दोन-तीन गाड्या, साहेब मंडळी, गालिचे, चहाचे थर्मास. कुत्रीनं पहिल्या फेरीतच मोठाले फगे काढून दिले. पाहुणे खूश. अरबाब तर हवेतच.

“बघा हं आता,” तो म्हणाला, “माझ्या एका शब्दावर कशी येते ते!” आणि ओरडला, “हाड!”

कुत्रीनं मान वर केली. रोटी कुणाकडं असते हे तिला ठाऊक होतं. ती पोपटरावाकडं निघाली.

“हाड! हाड!” पाहुण्यांनाही मजा वाटली. सगळे साहेब लोक टाळ्या वाजवत एका सुरात ओरडायला लागले, “हाड! हाड! हाड!” आयुष्यात इतक्यांदा ‘हाड’ त्या कुत्रीनं ऐकलं नव्हतं. ती आनंदानं वेडीपिशी होऊन, कान मागं टाकून, सुसाट सुटली.

पोपटराव मागं सरकत होता. “बस करो! बस करो!” म्हणत होता. ते कुणाला ऐकू जातंय! एक हात खुबूसच्या पिशवीत, पाय दोरात अडकलेला. तो पाठीवर पडला, कुत्री छातीवर आली, तिनं पिशवीत तोंड घातलं, आणि रोटीबरोबर त्याचा तळहातही दातात धरला.

त्यानं हात बाहेर काढला. अंगठ्याखाली भोक पडलं होतं आणि रक्त मनगटावरून कोपरापर्यंत आलं होतं. कुत्री बाजूला बसून रोटी चघळत होती. पोपटरावाला रान दिसेना, पाहुणे दिसेनात. गोठ्याचं दार दिसलं, तांब्या दिसला. ‘आई गं, गेलो मी,’ एवढंच त्याच्या मनात आलं.

पाहुण्यांदेखत नोकराला चावली म्हणून अरबाबचा चेहरा उतरला. त्यानं गाडीतून बंदूक काढली. ती दिसल्याबरोबर पोपटराव झटक्यात उठला आणि कुत्रीच्या पुढं जाऊन उभा राहिला. कुणी सांगितलं असतं तर त्याला स्वतःलाच पटलं नसतं.

“मारना नहीं अरबाब! ये मरेगा तो मैं मरेगा!”

पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाचे डोळे भरून आले. केवढी ही मुक्या जिवावर माया! माया कसली, डोंबलाची! पोपटरावाला एवढंच ठाऊक होतं, की चावणारं कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर ते पिसाळलेलं नव्हतं. तानूला चावलेलं कुत्रं गावानं त्याच दिवशी ठेचून मारलं होतं. ही मेली तर आपलं काय होणार ते कोण सांगणार? मरेपर्यंत वाट बघत बसायचं?

अरबाबनं बंदूक ठेवली आणि त्याला स्वतः गाडीत घालून दोह्याच्या इस्पितळात नेलं.

तिथं डॉक्टरीणबाई निघाल्या पुण्याच्या. मृणालिनी त्यांचं नाव. त्यांनी जखम साबणाच्या पाण्यानं धू धू धुतली, आणि नाव विचारलं. ‘पोपटराव’ ऐकल्यावर मराठीत म्हणाल्या, “कुठले तुम्ही?” एवढं ऐकलं आणि या बाप्याला रडूच फुटलं. कोल्ह्यापासून सगळं त्यानं सांगितलं.

“घाबरू नका,” बाई म्हणाल्या. “वेळेवर आलात. कुत्रीला लस टोचलेली होती का?”

अरबाबनं खांदे उडवले. कुत्रीचे कागद विमानतळावरच कुठंतरी राहिले होते.

“ठीक आहे. तुम्हाला आजच इंजेक्शन सुरू करते. शर्ट काढा.”

पोपटरावानं शर्ट काढून पोट पुढं केलं. बाईंनी दंड धरला.

“दंडात न्हाई बाई, पोटात द्या. चौदा द्या.”

“आता नवीन औषध निघालंय. दंडातच देतात, आणि थोडीच लागतात.”

“दंडातलं डोस्क्यापातूर पोचतं व्हय?”

“पोचतं हो. माझ्यावर विश्वास ठेवा. आणि हे बघा, कुत्रीला मारू देऊ नका. कोंडून ठेवा, लांबून लक्ष ठेवा. दहा दिवस नीट खाल्लं-प्यायलं तर काळजीच मिटली. वागणं बदललं, लाळ गळायला लागली, तर लगेच मला येऊन सांगा.”

बाईंवर विश्वास ठेवायची त्याची फार इच्छा होती. पण दंडातल्या त्या चिमुकल्या सुईवर कसा ठेवणार? तानूच्या वेळी म्हातारी माणसं चौदा म्हणत होती, पोटात म्हणत होती. परतीच्या वाटेवर त्याचं ठरलं, की आपला जीव आता सुईच्या नाही, कुत्रीच्या हाती आहे. ती पाणी पिते आहे तोवर आपण आहोत.

अरबाबनं कमालला बजावलं, “दहा दिवस बघ. मधे काही वेडंवाकडं केलं तर गोळी घाल.” बंदूक कमालच्या खोलीत टांगली गेली.

झालं, पोपटरावाचा मुक्काम कोंडीसमोर पडला. खजुराच्या खोडाचा ओंडका आणून त्यावर बसायचा. सकाळ-संध्याकाळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात पाणी भरून काठीनं आत ढकलायचा आणि श्वास धरून बघायचा. कुत्री यायची, जीभ बाहेर काढायची, लपक लपक प्यायची. तिचं पिणं संपलं की हा श्वास सोडायचा. दुपारी ती नुसती जांभई द्यायची आणि याच्या काळजाचं पाणी व्हायचं. जांभईत लाळ जास्त होती का? डोळे लाल दिसतात का? काल उजव्या कुशीवर झोपली होती, आज डावीवर का? आणि त्याला बघितलं की ती तारेला पंजे लावून उभी राहायची. ‘हाड’ कधी म्हणतोस, असं विचारत असणार. पण त्याच्या तोंडून आता शब्दच फुटत नव्हता.

“तू तिच्या प्रेमात पडलास,” कमाल म्हणायचा.

“पडलो,” पोपटराव म्हणायचा. “ती जगू दे फक्त.”

रात्री हात ठणकला की वाटायचं, आलं! आरशात बघून तो स्वतःची लाळ तपासायचा. विठाबाईला कळवायचं का? काय कळवायचं? कुत्रं चावलं म्हटल्यावर ती माउली तिथं भिंतीवर डोकं आपटून घेणार, नि इकडं तिला येताही यायचं नाही.

दहा दिवस भरायला एकच दिवस राहिला. त्या संध्याकाळी त्यानं भांडं आत ढकललं. कुत्री आली. तिनं पाण्याला नाक लावलं, झटकन मागं घेतलं, फुर्र केलं, आणि तोंड फिरवून कोपऱ्यात जाऊन बसली.

पोपटरावानं काठीनं भांडं जवळ ढकललं. ती उठून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. त्यानं पाणी ओतून पुन्हा भरलं. तिनं बघितलंसुद्धा नाही.

“कमाल,” तो म्हणाला, “पाणी पित नाही.” आणि बोलल्याबरोबर जीभ चावली. कमालचा चेहरा बदलला होता.

“अरबाबनं काय सांगितलंय ते ठाऊक आहे ना?”

“सकाळपर्यंत थांब. तुझ्या पाया पडतो.”

शेतावरच्या आपल्या खोलीत येऊन त्यानं पेल्यात पाणी ओतलं. तोंडाजवळ नेलं. आणि घसा आवळला! पाणी आत जाईना. ‘घशात कसंतरी होतंय,’ हे शब्द त्यानं जसेच्या तसे ऐकले, तानूच्या आवाजात. त्यानं पेला तसाच खाली ठेवला. म्हणजे कुत्रीही गेली आणि आपणही गेलो. तोंडावर चादर ओढून तो भिंतीकडं वळून पडला, पोरांची नावं घेत.

उजाडलं तेव्हा बाहेर काही दिसत नव्हतं. समुद्रावरून धुकं आलं होतं. तिकडं हिवाळ्यात येतं तसलं, हात पुढं केला तर बोटं दिसू नयेत असलं. चाचपडत तो कोंडीपाशी गेला. दार बंद होतं. तारेखाली माती उकरलेली होती. कोंडी रिकामी.

आणि कमालच्या खोलीत खुंटीवर बंदूक नव्हती.

पोपटराव धावत सुटला. पाण्याची बाटली रोजच्या सवयीनं खांद्याला लटकलेली, पायात चपला नाहीत. कुंपणाचं फाटक उघडंच होतं. रानात शिरला तसं पुढं धुकं, मागं धुकं. कुठं जायचं? हाक मारावी तर नाव काय घ्यायचं? ‘बायका’ म्हणायला तोंड उघडलं, पण ते नाव तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं होतं? शब्द एकच होता. जन्मभर ज्या शब्दानं त्यानं कुत्री लांब ठेवली, तोच.

“हाड!” तो ओरडला. “हाड! हाड! आगं हाऽड!”

कुणी नाही.

“हाड गं माझे बाई! हाड!” आता तो रडतच होता. “हाड की गं! नको जाऊस कुठं!”

धुक्यात एक बार झाला. धाडकन. पोपटराव जागच्या जागी मातीत बसला. संपलं, मारली. त्यानं डोकं गुडघ्यांत घातलं, तरी तोंडानं पुटपुटतच होता, हाड, हाड, हाड.

मग मातीवर पावलं वाजली. तुरुतुरु. गळपट्ट्याची कडी किणकिणली. वर बघेपर्यंत कुरळ्या केसांचं एक ओलं गाठोडं त्याच्या अंगावर येऊन आदळलं. नाकाला माती, मिशांना माती, आणि तोंडात मातीनं माखलेला एक फगा. तो तिनं त्याच्या मांडीवर ठेवला आणि तुकड्यासाठी बघत बसली.

तुकडा नव्हता. पिशवी खोलीवर राहिली होती. त्याच्याजवळ होती फक्त बाटली. त्यानं बूच काढलं आणि पट्टी बांधलेल्या हाताचा पसा करून पाणी ओतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं कुत्र्यासमोर हात धरला होता.

ती प्यायली. लपक लपक, घाईघाईनं, बोटांमधून गळणारं थेंबन् थेंब चाटत. त्यानं पुन्हा ओतलं, ती पुन्हा प्यायली. मग पोपटरावानं तीच बाटली तोंडाला लावली आणि डोळे मिटून घटाघटा पिऊन टाकली. घसा मोकळा होता.

“तानू,” तो म्हणाला, “पिली गं. पाणी पिली.” आणि कुत्रीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला.

कमाल धुक्यातून आला तेव्हा दोघं तशीच बसलेली होती. त्याच्या खांद्याला बंदूक बघून पोपटरावानं शिव्या हासडल्या. “मला कशाला शिव्या देतोस?” तो म्हणाला. “कोंडी रिकामी दिसली म्हणून बाहेर पडलो. वेडी झाली असेल तर मारणार होतो, खोटं कशाला बोलू? मग तुझं ओरडणं ऐकलं. तू भलतीकडंच चालला होतास, उघड्या वाळवंटात. म्हणून वर बार काढला, घर कुठं ते कळावं म्हणून.” मग थुंकून म्हणाला, “आणि काल पाणी कुठल्या डब्यातून भरलंस? त्यात आधी डिझेल होतं रे गाढवा! माझा चहासुद्धा थुंकावा लागला.”

पट्टीच्या हातानं, भेदरलेल्या डोक्यानं, त्यानं चुकीचा डबा उचलला होता. डिझेलच्या वासात आयुष्य गेलेल्या ड्रायव्हरला तो कळला नाही. जमिनीखालचा फगा हुडकणाऱ्या नाकाला कळला.

डॉक्टरीणबाईंकडं पुढची सुई घ्यायला गेला, तेव्हा बाईंनी विचारलं, “कुत्री कशी आहे?” “लई पाणी पिती, बाई,” एवढंच त्याला सांगता आलं. बाई हसल्या आणि दंड पुसायला लागल्या. यानं या वेळी पोट पुढं केलं नाही.

पुढं पाच-सहा हिवाळे ती दोघं त्या रानात हिंडली. दोर नसायचाच. ती म्हातारी होऊन गेली, तेव्हा पोपटरावानं तिला त्याच रानात पुरलं, आणि त्याच वर्षी गावी परतला.

अजूनही आहे तो, वाडीत. सकाळी भाकरीचा तुकडा घेऊन ओट्यावर येतो. गल्लीतली कुत्री लांबून बघत असतात. हा मायेनं हाक मारतो, “हाड! हाड!” आणि सगळी शेपट्या पायांत घालून पळून जातात. सून हौसाबाई आतून ओरडते, “मामंजी, यू यू म्हणा की!” त्याला ते जमत नाही. तुकडा हातात धरून तो तसाच उभा राहतो.